सुईण बाजेवर

"अन् पाणी गडवाभर मांगू नको," शेजारची कोकिळा बाजेजवळ बसून सांगत होती. "घोटभरच मांगजो. म्हंजे घोटाघोटाले कोणीतरी उठून येते."

"हे कोनं शिकवलं तुले?"

"तूच! माह्या बाळंतपणात. दुखो का न दुखो, सासू दिसली का कण्हत जाय, नाई तं आठव्या दिवशी जात्यावर बसवते, असं तूच सांगतलं ना माय!"

समुद्रपूरजवळच्या चार गावांत रामबाईने तीस वर्षं बाळंतपणं केली होती आणि सासवांना दम भरून त्यांच्या सुनांना सव्वा महिना बाजेवर झोपवलं होतं. आता मोतीबिंदू काढून, डोळ्यांवर पट्ट्या बांधून ती वर्ध्याहून घरी आली, तर बायांनी तिचेच सल्ले तिच्या पदरात घातले. एक शिरा घेऊन येई, दुसरी पाय चेपायला बसे. वाकायचं नाही, खोकायचं नाही, जड उचलायचं नाही, असं डॉक्टरने बजावलं होतं. पण दुसऱ्याला झोपवणं सोपं. स्वतः पडायचं म्हणजे रामबाईला बाजेत विंचू फिरत असल्यासारखं होई. शेळीला पाला टाकला का, चुलीवरचं उतू गेलं का, दर पाच मिनिटांनी सुनेला हाक.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी गावातला नत्थू धापा टाकत आला.

"माय, चाल लवकर! बायको पहाटपासून कळा देऊन राह्यली. पोट्टं काई येत नाई."

रामबाई ताडकन उठून बसली.

"आत्याबाई, डोळा जाईन तुमचा," सून कमला म्हणाली.

"बाळंतपण तं हातानं करते ना माय, डोळ्यानं थोडीच?" नत्थू काकुळतीला आला.

रामबाईला ते एकदम पटलं. पायताण चाचपायला ती वाकली आणि डोळ्यातून अशी कळ गेली की तिने बाजेची कडच मुठीत धरली. कमलाने तिला धरून आडवं केलं. चार वर्षं कमला सासूमागे गरम पाण्याचं भांडं घेऊन हिंडत होती. रामबाईने तिला लेकराला हात म्हणून लावू दिला नव्हता.

"मी जातो," कमला म्हणाली. "तुम्ही पडून राहा."

ती विचारत नव्हती, सांगत होती. सासूशी असं ती कधी बोलली नव्हती.

"लेकराचे पाय पुढं असले तं ओढू नको!" रामबाई मागून ओरडली. "घाई करू नको!"

मग नुसती तगमग. रामबाईची बोटं गोधडीवर सारखी चालत होती.

"आता कण्ह थोडी. मी पाय चेपतो," कोकिळा म्हणाली. रामबाईला हसू आलं नाही.

खोटं कशाला सांगावं, तिला दोन गोष्टींची भीती होती. कमलाला जमलं नाही तर, ही एक. ती कोकिळाला बोलून दाखवता येत होती. कमलाला जमलं तर, ही दुसरी, आणि तिची तिला स्वतःलाच लाज वाटत होती. नत्थूची बायको तिकडे मरणाशी झगडत होती आणि ही इथे असलं काहीतरी मनात आणत होती.

दिवेलागणीला कमला परतली.

"पोरगी झाली. दोघीबी चांगल्या हायेत."

"पाय पुढं होते?"

"हो."

"मंग?"

"वाट पाह्यली. ओढलं नाई."

रामबाईने आणखी चार प्रश्न विचारले. चूक सापडली नाही. मग कमलाने सासूच्या मांडीवर एक नवं लुगडं ठेवलं. बाळंतपण सुखरूप झालं की सुईणीला द्यायचं, ते.

"नत्थूच्या मायनं देलं. घडी तुम्ही मोडा, आत्याबाई."

रामबाईने काठ चाचपला. चांगला चार बोटं रुंद होता. तीस वर्षांत असलं प्रत्येक लुगडं तिनेच नेसलं होतं. तिने ते कमलाकडे सरकवलं.

"ज्याच्या हातावर लेकरू आलं, लुगडं त्याचं," ती म्हणाली. "घडी तूच मोड."

कमला नेसायला आत गेली. रामबाई उताणी झाली, दोन्ही हात पोटावर ठेवले आणि पहिल्यांदाच निमूट पडून राहिली.