मोटरीचं कुंकू

सुदर्शननं मेमरी कार्डावर फुंकर मारली, ते पुन्हा टीव्हीच्या छोट्या कॉम्प्युटरच्या खाचेत सरकवलं आणि वायर जोडली. लाल दिवा लागला. त्याच्या शेजारचा हिरवा दिवा लुकलुकायला हवा होता, तो ढिम्म. टीव्हीच्या पडद्यावर मघापासून तेच दोन शब्द होते, ‘सिग्नल नाही’.

“झालं का रं?” सोफ्यावरून काकासाहेबांनी विचारलं.

“होतंय, काका.”

“मघाशी बी होतच व्हतं.”

काकासाहेब हे सुदर्शनचे सख्खे चुलते. दसऱ्याचं सोनं द्यायचं निमित्त करून ते पिशोरहून नवी जीप घेऊन आले होते, पण सोनं देऊन झालं तरी उठायचं नाव नव्हतं. त्यांना वहिनीला, म्हणजे सुदर्शनच्या आईला, आवडाबाईंना, गावी घेऊन जायचं होतं. चार दिवसांसाठी नाही, कायमचं. आवडाबाईंची पिशवी दाराशी गाठ मारून तयार होती आणि तिला टेकून त्या स्वतः खाली फरशीवर बसल्या होत्या, एसटीची वाट बघत बसावं तशा.

गेल्या वर्षी वडील, सांडू, वारले तेव्हा सुदर्शननं आईला शहरात, गारखेड्यातल्या आपल्या फ्लॅटमध्ये आणलं. वाळूजच्या एका कारखान्यात तो मशिनी दुरुस्त करायचा. बिघडलेली वस्तू दुरुस्त होतेच, यावर त्याची देवापेक्षा जास्त श्रद्धा होती. माय म्हणाली, इथं करमत नाय. पोरानं तेही बिघाडातच धरलं आणि उपाय शोधला. तळहाताएवढा, एकाच सर्किटच्या पाटीवर मावणारा कॉम्प्युटर आणला, टीव्हीला जोडला, सगळी नावं मराठीत करून घेतली आणि शेजारच्या हार्ड डिस्कमध्ये भजनं, कीर्तनं, काय काय भरलं. शेवटी भरली ती काकासाहेबांच्या लग्नाची कॅसेट. तिला बुरशी लागली होती. दुकानदारानं ती कशीबशी एकदाच चालवून उतरवून घेतली, आणि त्यातच फीत तुटली. आता सांडूंचा चालता-बोलता जीव काय तो त्या डिस्कमध्ये होता.

आणि माय रमली. त्याची बायको मोनिका सांगायची, आत्याबाई दुपारी जेवल्या की टीव्हीपुढं बसतात, हाक मारली तरी ऐकत नाहीत. महिनाभर गावाचं नाव निघालं नाही. सुदर्शन खूश होता. आपण स्वतः ती कॅसेट एकदाही पुरती बघितली नाही, हे त्याच्या ध्यानातही नव्हतं. चालते ना, मग झालं.

काल खंडेनवमी झाली. ड्रिल मशीन, पान्यांचा डबा, शेवटी खाली जाऊन मोटरसायकल, सगळ्यांना मोनिकानं कुंकू लावलं, झेंडू वाहिला. माय स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. संध्याकाळी बघितलं तर कॉम्प्युटर बंद पडलेला, आणि आज सकाळी मायनं स्वतः दिराला फोन लावून सांगितलं, येताना गाडी घेऊनच ये.

म्हणून सुदर्शनचा जीव त्या हिरव्या दिव्यात अडकला होता. डबा बोलला तर माय थांबेल, असं त्यानं मनाशी पक्कं धरलं होतं.

चार्जर बदलून झाला. टीव्हीची वायर बदलून झाली. कार्ड पुसून त्यावर सगळं नव्यानं भरून झालं, त्यात अर्धी दुपार गेली. कार्ड लॅपटॉपमध्ये सुरळीत चालत होतं आणि इथं आलं की मेल्यासारखं पडत होतं.

“राहू दे तो डबा,” काकासाहेब बोटावर जीपची किल्ली फिरवत म्हणाले. “उजेडात निघू. पिशोरपत्तोर रस्ता लई खराब हाय.”

“अजून थोडं थांबा, काका.”

“वहिनी, तुमीच सांगा याला.”

“नगं करू बाबा,” आवडाबाई खाली बघत म्हणाल्या. “नाय व्हायचं ते आता.”

मायच्या आवाजात काहीतरी होतं, पण सुदर्शनला राग आला होता आणि रागात माणसाला ऐकू कमीच येतं. त्यानं कॉम्प्युटर उचलून खिडकीशी नेला. तापू नये म्हणून त्यानं तो खोक्याबाहेर काढून टीव्हीमागं भिंतीला टेकवून उभा ठेवला होता. उजेडात वळवला तसा हिरव्या पाटीवर एक तांबूस ओघळ दिसला. मधोमध सुरू होऊन तो खाली उतरला होता, थेट कार्डाच्या खाचेपर्यंत. त्यानं नखानं खरवडून बघितलं. नखाला लाल पूड लागली, आणि खालून हळद.

“हे कुणी केलं?”

काकासाहेबांनी मान उंच करून बघितलं.

“पाण्यात कालवून कुंकू लावलंय याला! चालू मशिनीला! कुणी लावलं?”

मोनिका स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिनं त्याच्या हातातली पाटी बघितली, मग सासूकडे बघितलं. सासूनं पिशवीची गाठ मुठीत धरली होती आणि ती आणखी आवळत होती. मोनिकाची नजर काकासाहेबांवरून फिरली आणि परत आली.

“मी लावलं,” ती म्हणाली.

“तू? अगं अक्कल गहाण टाकली व्हती का?”

“सण व्हता. म्हटलं, सगळ्याला लावलं, हेच का सोडायचं?”

“शिकल्या-सवरल्या पोरी,” काकासाहेब छताकडे बघत म्हणाले. “आन वरून आमाला अडाणी म्हणायचं.”

नवऱ्यापुढं एरवी अशी ऐकून घेणारी मोनिका नव्हे. पण सुदर्शनच्या हेही ध्यानात आलं नाही. त्यानं कामाच्या पिशवीतून क्लीनरचा फवारा आणि जुना ब्रश काढला आणि कामाला लागला. खाच बारीक होती. लाल पाणी निथळलं, पुसलं, पुन्हा निथळलं. एक तांदळाचा दाणा आतून निघाला, अक्षतेचा. वाळेपर्यंत त्याला दम निघेना. कार्ड बसवताना आता आणखी एक भीती होती. पाटी जळली तर दुसरी मिळते. डिस्कही गेली असेल तर?

लाल दिवा लागला.

मग हिरवा लुकलुकला. थांबला. पुन्हा लुकलुकला.

पडदा उजळला आणि नावांची यादी आली, पण डिस्कच्या जागी काहीच नव्हतं. सुदर्शननं डिस्कची वायर काढली, दुसऱ्या खाचेत घातली आणि डिस्कला हात लावून बसला. आत काहीतरी फिरायला लागल्याचं हाताला कळलं. यादीत एकेक नाव उमटत गेलं, आणि सगळ्यात शेवटी ‘काकाचं लग्न’.

त्यानं ते दाबलं. कुठवर बघितलं याची नोंद डिस्कवरच राहायची, ती शाबूत होती. कॉम्प्युटरनं विचारलं, जिथं थांबला होतात तिथून पुढं बघायचं का? शेवटची दोनच मिनिटं उरली होती; लग्न तर कधीच संपलं असेल, इतक्या शेवटाला कोण थांबलं होतं? त्यानं हो म्हटलं.

विहीर दिसली. लग्नानंतरच्या दसऱ्याला काकासाहेबांचा मेव्हणा कॅमेरा घेऊन आला होता आणि उरलेल्या फितीवर त्यानं हे टिपलं होतं. विहिरीवरच्या मोटरीला झेंडूचा हार, शेजारी नारळ धरून उभे असलेले काळ्याभोर मिशांचे काकासाहेब. आणि मधे सांडू, सदऱ्याच्या बाह्या वर सारलेले, कुणालातरी हाका मारत.

“ए सुदाची माय! हिकडं ये. आगं, लाजती काय, कॅमेरा खातो का तुला?”

पदर सावरत एक तरुण बाई वाटी घेऊन आली.

“कुंकू तू लाव. मी दोन साल लावलं, दोन्ही साल मोटर जळाली. काकासाहेब, साक्षीला ऱ्हा बरं. आता दर साली हिनंच लावायचं. आपल्याला नाय त्यात पडायचं.”

पडद्यावरचे काकासाहेब हसून म्हणाले, “व्हय व्हय, ऱ्हायलो साक्षीला.” त्या बाईनं वाटीत बोटं बुडवली आणि मोटरीवर ओली बोटं उमटवली. तिथं फीत संपली.



“तिनं नाय लावलं,” आवडाबाई म्हणाल्या. “मी लावलं. तुमी समदे खाली गाडीच्या पूजेला गेलते तवा. साल मोडू नये म्हणलं.” त्या थांबल्या. “आन हात लावल्याबरूबर बंद पडलं. म्हणलं, रांडमुंड बाईनं कुंकवाला हात लावला, त्याच्यानंच त्यांचा आवाज गेला. आता हितं कोन्त्या तोंडानं ऱ्हावं?”

सुदर्शननं मोनिकाकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी कान तापेपर्यंत.

“पाण्यानं बंद पडलं, माय,” तो कसाबसा म्हणाला. “हातानं नाय.”

काकासाहेबांच्या बोटावरची किल्ली केव्हाच थांबली होती. कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं, तरी त्यांनी घसा खाकरला. मग किल्ली खिशात घातली.

“मोनिका,” ते म्हणाले, “चहा टाक गं पोरी. आजून एकडाव.”

सुदर्शननं टीव्ही बंद केला, वायर काढली आणि लाल दिवा विझेपर्यंत थांबला. मग ती हिरवी पाटी तळहातावर घेऊन तो आईसमोर फरशीवर मांडी घालून बसला आणि हात पुढं केला.

आवडाबाईंनी दिराकडे बघितलं. दीर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून जमिनीकडे बघत होता. त्यांनी पिशवी जवळ ओढली. गाठ त्यांनीच इतकी आवळली होती की सुटेना. शेवटी त्यांनी ती दातानं सोडवली, दोन लुगडी बाहेर काढून ठेवली आणि तळाशी हात घालून कुंकवाचा पितळी करंडा काढला. मग सवयीनं त्यांची नजर पाण्याच्या तांब्याकडे गेली.

“कोरडं लाव, माय,” सुदर्शन म्हणाला. “पाणी नको.”