घाटाचा क्राऊन

"किती देतेय?" डिझेलचा पाइप ट्रकच्या टाकीत खुपसत थेंबकाकांनी विचारलं. आज विचारायचं नाही असं घरून ठरवून निघाले होते, पण जीभ गप्प बसेना.

"सव्वाचार." ट्रकचा नवा मालक, चष्मेवाला, ओशाळून म्हणाला. "काही केल्या वर जात नाही, काका. तुमच्याकडे पाच द्यायची ना?"

"पाच. मनात आलं तर पाचाच्याही वर."

ही शुद्ध थाप होती. त्या ट्रकने थेंबकाकांच्या हाताखाली लिटरमागे चार किलोमीटरच्या वर कधी दिलं नव्हतं. पण ड्रायव्हर लोकांत बसलं की कोणी साडेचार सांगायचा, कोणी पावणेपाच, मग काका पाच सांगून मोकळे व्हायचे. पुढे क्लच दाबून दाबून डावा गुडघा गेला, गाडी विकावी लागली, तेव्हा घेणाऱ्यालाही त्यांनी पाचच सांगितले. आता ते पंपावर नोकरी करत होते आणि दर दोन-चार दिवसांनी आपल्याच गाडीची टाकी परक्या माणसासाठी भरत होते.

थेंबकाका हे नाव ड्रायव्हरांनीच पाडलेलं. टाकी भरली की पाइप झटकून आतला शेवटचा थेंबही ते गिऱ्हाइकाच्या टाकीत पाडायचे. या एका गाडीच्या वेळी मात्र पाइप तसाच हुकाला अडकायचा. दोन थेंबांनी कोणाचं काय बिघडणार? पण काकांना तेवढंच बरं वाटायचं.

जळण्यासारखं खूप होतं. चष्मेवाल्याने गाडी घेतल्या घेतल्या मागच्या ॲक्सलमधली दातेरी चाकं, म्हणजे क्राऊन-पिनियन, बदलून टाकली होती. काकांची गाडी सुरुवातीला खाणीतला दगड घेऊन घाट चढायची. त्यामुळे तिला घाटाचा क्राऊन होता. चाक एकदा फिरायला इंजिनाने जास्त फेरे मारायचे, वेग कमी पण ओढ जबर. पुढे खाण बंद पडली, सपाट हमरस्त्याचं काम मिळालं, तरी काकांनी क्राऊनला हात लावू दिला नाही. ज्याने घाटात कधी दगा दिला नाही त्याला काढायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं. चष्मेवाल्याने तो काढला, सपाटीचा बसवला, वर एक माप मोठे टायर चढवले. आणि आता सव्वाचार! काकांनी उतारावर जीव मुठीत धरून, पाय हलका ठेवून जे कधी मिळवलं नाही, ते हा माणूस तोंड पाडून सांगत होता.

"मिस्त्रीकडे तुमचा जुना क्राऊन अजून पडलाय," चष्मेवाला म्हणाला. "रविवारी परत बसवून घेतो. उगाच हुशारी केली मी. चांगली गाडी बिघडवली."

काकांना मनातून गुदगुल्या झाल्या.

"मी येतो बरोबर," ते म्हणाले.

घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मग झालं की तुमच्या मनासारखं. आता का चेहरा पाडलाय?"

"पण सव्वाचार तरी कशी देईल ती? गाडीचं किलोमीटर मोजणारं मीटरच खोटं असणार. क्राऊन बदलला, टायर बदलले, मीटर पळत असणार पुढे पुढे. मी रविवारी पकडतोच बघ."

"पकडा." तिने चादरीचं एक टोक त्यांच्या हातात दिलं. "जन्मभर मी जळले त्या सवतीवर. आठ-आठ दिवस तिच्याकडे राहायचात, आलात तरी अंगाला तिचाच वास. आता ती दुसऱ्याच्या घरी गेली, तर तुमची पाळी. जळा थोडे."

"सवत काय, काहीतरीच तुझं!"

"एकदाच बसवलंत मला तिच्यात. आठवतंय? सगळ्या वाटेत किंचाळत होती. मी म्हटलं, अहो, हिला दुखतंय का कुठे? तर तुम्ही हसलात."

काकांना ते आठवत होतं. त्यांनी चादरीचं टोक नीट जुळवून तिच्याकडे दिलं.

रविवारी चष्मेवाल्याने पंपाजवळून त्यांना घेतलं. मिस्त्रीचं गॅरेज गावापासून वीसेक किलोमीटरवर, हमरस्त्याला लागून होतं. शेजारच्या सीटवर चढताना गुडघ्यातून कळ आली. इतक्या वर्षांत ते या बाजूला कधी बसले नव्हते. डॅशबोर्डवर त्यांनी लावलेला छोटा आरसा काढून टाकलेला होता, तेही त्यांनी बघून ठेवलं.

हमरस्ता लागला तसा काकांनी मीटरचा आकडा पाठ केला आणि रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मोजायला सुरुवात केली. मीटर दगडांच्या पुढे पळालं की झालं. पाच दगड गेले. मीटर मागे होतं. काकांना वाटलं, आपला एखादा दगड चुकला असेल. त्यांनी पुन्हा आकडा धरला, पुन्हा मोजलं. दहा दगड गेले तरी मीटर साडेआठवरच.

मीटर खोटं होतं खरं, पण उलट्या बाजूने. गाडी जास्त रस्ता कापत होती आणि मीटर कमी मोजत होतं. सव्वाचार नव्हतेच ते. त्याहून जास्त होते.

मग त्यांच्या लक्षात आलं की केव्हापासून चष्मेवाला हळू आवाजात गुणगुणतोय आणि ते आपल्याला ऐकू येतंय. या गाडीत या वेगाला शेजारच्याशी ओरडून बोलावं लागायचं. आता इंजिन खालच्या सुरात, आरामात चाललं होतं. माझ्याकडे अशी कधी चालली नाहीस, काकांच्या मनात आलं, आणि डोळ्यांत पाणी येईल की काय अशी भीती वाटली. त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

मिस्त्रीने जुना क्राऊन पुसून फळकुटावर काढून ठेवला होता. दात अजून शाबूत होते. "काय माल आहे, काका! तुमची खूण आहे ही," तो म्हणाला आणि जॅक लावायला वाकला.

गप्प बसणं सोपं होतं. संध्याकाळपर्यंत तो क्राऊन आत गेला असता, गाडी पुन्हा काकांची झाली असती, पुन्हा किंचाळली असती. मग चारच दिसले तरी चष्मेवाल्याने दोष स्वतःलाच दिला असता, आणि पाचाची थाप कायमची झाकून राहिली असती.

"थांब," काका म्हणाले. "नको बसवूस."

"का हो?"

"मीटरची केबल गिअरबॉक्सवरून येते. क्राऊन बदलल्यावर तेवढ्याच रस्त्याला गिअरबॉक्सचे फेरे कमी होतात. त्यात टायर मोठे. मीटर कमी मोजतंय. मी दगड मोजले. दहाला साडेआठ दाखवतंय."

मिस्त्रीने कपाळावर हात मारला. "च्यायला! मीटरचं डोक्यातच आलं नाही माझ्या."

चष्मेवाल्याने फोन काढून हिशेब केला, पुन्हा केला. त्याचा चेहरा फुलला. "पाच! काका, पाच देतेय ती! म्हणजे तुमच्याइतकंच झालं की!"

इथेही गप्प बसता आलं असतं. काका क्राऊनच्या दातांवरून बोट फिरवत राहिले.

"माझ्याकडे चार द्यायची," ते म्हणाले. "कधी कधी तेवढंही नाही."

चष्मेवाला हसेल असं त्यांना वाटलं होतं. तो हसला नाही. "घाटाच्या क्राऊनवर सपाटीला चार म्हणजे काही कमी नाही, काका," तो म्हणाला. त्याने समजूत घातली, तेच जास्त लागलं.

परत येताना पंपावर टाकी भरायची होती. काकांची सुट्टी होती, तरी त्यांनी दुसऱ्याच्या हातून पाइप घेतला. टाकी भरल्यावर तो झटकला, एकदा, दोनदा, थेंब पडायचा थांबेपर्यंत.

गाडी निघाली. पूर्वी वळणापलीकडे गेली तरी तिचा आवाज बराच वेळ यायचा, बायको घरात बसून ओळखायची. आज वळणाआधीच ती इतर गाड्यांत मिसळून गेली.

घरी आल्यावर बायकोने पाण्याचा पेला पुढे केला.

"पकडलं का मीटरचं खोटं?"

"पकडलं."

"आणि तुमची ती? कशी आहे?"

काकांनी पाणी पिऊन पेला खाली ठेवला. मग गुडघा चोळायला घेतला.

"ओरडत नाही आता," ते म्हणाले.