उंट चालला, सॉकर नाही

नदी फुगली की आयर्लंडमधल्या क्लॉनबेग गावच्या सॉकरवाल्यांचं मैदान पाण्याखाली जातं. या मार्चातही गेलं. मंगळवारी सकाळी डिम्फना हेफर्नन कुंपणाशी उभी राहिली, तेव्हा गोलच्या खांबांमधून दोन हंस ऐटीत पोहत होते. हसावं की रडावं तिला कळेना. रविवारी चौदा वर्षांखालच्या मुलींचा कपचा उपान्त्य सामना होता. यजमानांनी शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत कोरडं मैदान दाखवलं नाही, तर सामना पाहुण्यांना बहाल. तिची लेक क्लोडा गोलमध्ये उभी राहायची आणि पुढच्या वर्षी ती या वयोगटात बसणार नव्हती. डिम्फना क्लबची चिटणीस, तेव्हा मैदान शोधायचं काम तिच्याच गळ्यात.

तसं गावात एक मैदान कितीही पाऊस पडला तरी खडखडीत असतं. टेकाडावरचं, हर्लिंगवाल्यांचं. हर्लिंग म्हणजे काठ्या आणि चेंडूचा अस्सल आयरिश खेळ, आणि त्या मैदानावर परक्या खेळांना नियमानेच बंदी. ती तडक त्यांच्या अध्यक्षाच्या, टॉसी क्विर्कच्या हार्डवेअरच्या दुकानात गेली.

“टॉसी, रविवारी सकाळपुरतं मैदान द्या हो. दीड तासाचा तर प्रश्न आहे.”

टॉसी खिळे तोलत होता. त्याने मान वर केली नाही. “कशासाठी?”

“माहीत असून कशाला विचारता?”

“तुझ्या तोंडून ऐकायचंय.”

“सॉकरसाठी.”

“अगं पोरी, त्या गवतावर तुझ्या बापाचे दोन दात पडलेत. तिथं तू इंग्रजांचा खेळ मांडणार?”

“बाबांचे दात काही बोलायचे नाहीत. गेल्या उन्हाळ्यात तिथं सर्कस उतरवलीत तुम्ही. उंट हिंडला सगळ्या गवतावर!”

“उंट इंग्रज नव्हता,” टॉसी म्हणाला. खिळे घ्यायला आलेला माणूस खो खो हसला.

“आणि रविवारी दुपारी मेंढ्या हाकणाऱ्या कुत्र्यांच्या स्पर्धेसाठी मेंढ्या सोडणार आहात, त्याचं काय? मेंढ्या चालतात, माझ्या मुली नाही?”

“मेंढ्यांविरुद्ध नियम नाही. बरं, ठेवतो कमिटीपुढे.”

“कधी बसते कमिटी?”

“पुढच्या आठवड्यात. गुरुवारी.”

डिम्फनाची लाँड्री आहे. अकरा वर्षं ती हर्लिंगवाल्यांच्या जर्सी फुकट धुते. बापाचा क्लब म्हणून. चिखल, रक्त, गवताचे हिरवे डाग, सगळं काढते. त्यासाठी कोणाला कमिटी बसवावी लागली नव्हती. हे तोंडावर सांगायचं ती दुकानात विसरली आणि घरी पोचेपर्यंत स्वतःवरच चडफडत राहिली.

बुधवारी तिने शाळेला विचारलं, शेतकऱ्यांना विचारलं, अगदी मठातल्या नन्सनाही विचारलं. कुठे उतार, कुठे गाई. गुरुवारी दुपारी मात्र आपण होऊन फोन आला. पलीकडच्या शहरातल्या रग्बी क्लबचे चिटणीस, वकील प्रेंडरगास्ट.

“तुमची अडचण कानावर आली. आमचं दुसरं मैदान मोकळं आहे, घ्या खुशाल.”

डिम्फनाचा जीव भांड्यात पडला. पण गृहस्थ थांबेनात.

“फक्त पालकांना एवढं सांगा, गाड्या मागच्या फाटकाने आणा. पुढे आमच्या सभासदांचं जेवण आहे. मुलींनी कपडे गाडीतच बदलले तर बरं. आणि आरडाओरडा, शिवीगाळ... तुमच्या खेळात जरा चालतं ते, मी समजू शकतो.”

तिच्या कानशिलापर्यंत आग गेली. समजू शकतो म्हणे! टॉसी निदान तोंडावर बोलला होता. हा उपकार करता करता पायपुसणं हातात देत होता.

“विचार करून कळवते,” ती म्हणाली.

तिने कळवलं नाही. शुक्रवारी ती हॉटेलच्या चादरींना इस्त्री करत राहिली. पाच वाजले. साडेपाच. फोन हाताशीच होता. आपल्या मुली चोरासारख्या मागच्या फाटकाने नेऊ? मुळीच नाही, असं ती इस्त्रीला बजावत राहिली. सहाला तिने लीगला कळवलं की मैदान मिळालं नाही. तेच क्लोडाला सांगितलं. पोर हातमोजे खुंटीवर टांगून वर गेली.

रविवारी दुपारी टेकाडावर सगळा गाव जमला. डिम्फनाही होती, कारण चहाच्या टेबलावर दरवर्षी तीच असते. मैदानात एक कुत्रा सहा मेंढ्यांना खांबांमधून हाकत होता. टॉसी कप पुढे करत आला.

“तुमच्या सामन्याचं वाईट झालं गं. बरं, बुधवारी मॅच आहे. जर्सी वाळतील ना?”

“पिशवी तशीच पडलीय, चिखलासकट,” डिम्फना म्हणाली. “धुवायचं कमिटीपुढे ठेवलंय. पुढच्या गुरुवारी बसते.”

आसपासची माणसं हसली. टॉसीची मान लाल झाली. आठवडाभराची मळमळ एका वाक्यात बाहेर पडली आणि डिम्फनाला फार बरं वाटलं. हे क्लोडाला सांगावं म्हणून ती कप टाकून तशीच निघाली.

क्लोडा तारेच्या कुंपणाशी उभी होती. हातात फोन.

“आई, वर्गातली इमर प्रेंडरगास्ट विचारतेय, आम्ही का नाही आलो. तिच्या बाबांनी शुक्रवारी सकाळीच रेषा मारून ठेवल्या होत्या म्हणे.”

टॉसीचं सांगायचं डिम्फना विसरूनच गेली.

“अगं, त्या माणसाचं बोलणं ऐकायला हवं होतंस. मागच्या फाटकाने या, कपडे गाडीत बदला... आपण काय...”

क्लोडाने तिच्याकडे पाहिलं. तिला राग आलेला नव्हता. तो आला असता तर सोपं गेलं असतं.

“मी बदलले असते गाडीत,” ती म्हणाली.