फिर्यादीतलं दुसरं नाव

चेन्नईच्या एका शाळेत गणित शिकवणाऱ्या रंजनीचा हात घरमालकाने जिन्यात पिरगाळून मोडला. इन्स्पेक्टरने फिर्याद घेतलीच नाही. "भाडेकरूंची भांडणं आम्ही तपासत नाही, अम्मा. आपसांत मिटवा."

रंजनी पेटून उठली. प्लास्टरमधला हात घेऊन तिने कोर्ट गाठलं. चार महिन्यांनी कोर्टाने गुन्हा नोंदवायचा हुकूम दिला.

आता तोच इन्स्पेक्टर खाली मान घालून लिहीत होता.

"मला आधी कोणी परत पाठवलं, तेही लिहा," रंजनी म्हणाली.

त्याचं पेन अडलं. "त्याची काय गरज?"

"लिहा. तुमचं पूर्ण नाव लिहा."

त्याने लिहिलं.

"आता मोठ्याने वाचा."

सगळ्या ठाण्यासमोर त्याने वाचलं. रंजनीचा राग तरीही निवला नाही. तिने त्याला पुन्हा वाचायला लावलं.