भंडारा लाल का झाला

सांगवीच्या खंडोबाच्या देवळात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. एकोणीसशे पस्तीस सालचा माघ महिना. लोकल बोर्डाची निवडणूक दोन आठवड्यांवर आली होती आणि झुंबर भगताच्या अंगात देव आला होता. एरवी चंपाषष्ठीलासुद्धा डफ वाजवून वाजवून हात दुखायला लागल्याशिवाय न येणारा हा देव, या महिन्यात मात्र दर रविवारी वेळेवर हजर होत होता. देवालाही निवडणुकीची तारीख कुणीतरी कळवली असावी.

"पेटी लाकडाची, कुलूप सरकारचं, पर डोळा माझा हाय!" झुंबर केस सोडून घुमत होता. "पडद्याआड कोन काय टाकतंय, मला समदं दिसतंय! मन साफ, त्याच्या हातात भंडारा सोन्यावानी. मनात कपट, त्याच्या हातात रगात!"

"येळकोट येळकोट, जय मल्हार!" माणसं ओरडली.

आणि होतही तसंच होतं. सरकारात शेतसारा भरणाऱ्यालाच मत, त्यामुळं सांगवीत मतदार ते पन्नास-साठ. एकेकानं पुढं यायचं, भगतानं तांब्यातलं तीर्थ तळहातावर ओतायचं, ते दोन्ही हातांना चोळायचं, मग देवापुढच्या परातीतला चिमूटभर भंडारा ओल्या हातावर घ्यायचा आणि मक्तेदार महिपतरावांना मत देईन अशी शपथ घ्यायची. भंडारा म्हणजे हळदीची पूड. ती पिवळी राहिली की लोक भंडारा उधळायचे, आणि तो गडी सुटल्यासारखा पायऱ्या उतरायचा.

कुंडलिकाची पाळी आली. तो वांगी-मिरचीचं माळवं करणारा, सरळ मनाचा माणूस. "जो चांगलं काम करील, त्येला मत देईन," एवढंच तो म्हणाला. झुंबरनं त्याच्याकडं पाहिलं, हातावर तीर्थ ओतलं, वर भंडारा टाकला. बघता बघता कुंडलिकाचा तळहात लालभडक झाला.

मग कुणीतरी "कपटी हाय, कपटी!" म्हणून ओरडलं आणि कालपर्यंत त्याच्या विहिरीवर पाणी पिणारी माणसं त्याच्यापासून हातभर मागं सरली. तिथल्या तिथं ठरलं, कुंडलिकानं पुढच्या रविवारी देवाला दंड भरावा आणि मक्तेदारांच्या नावानं शपथ घ्यावी. तोवर त्याच्याशी बोलणं बंद, देणंघेणं बंद, गाडीबैल बंद.

आता हा मक्तेदार कोण, ते सांगायला हवं. महिपतराव राहायला बारामतीत. तालुक्यातल्या कच्च्या रस्त्यांचे आणि मोऱ्यांचे, म्हणजे ओढ्यांवरच्या लहान पुलांचे, मक्ते त्यांच्याकडं. चार बोटं मुरूम टाकायचा आणि बिल वीतभर मुरुमाचं लावायचं, ही त्यांची विद्या. पण बिल मंजूर करणारे बोर्डाचे मेंबर मधूनमधून शंका काढायचे. तेव्हा महिपतरावांनी विचार केला की आपणच मेंबर झालो तर बिल लिहिणाराही मीच आणि मंजूर करणाराही मीच. यालाच ते सभेत लोकसेवा म्हणत.

लोकसेवेची सुरुवात त्यांनी घरोघर पुड्या पाठवून केली. पुडीत थोडा भंडारा आणि पाच रुपये. नाव काय, तर खंडोबाचा परसाद. हे नाव मोठं सोयीचं होतं. मत विकलं म्हटलं असतं तर कुणालाही लाज वाटली असती. परसाद नको म्हणायचा कसा? लोकांनी पुडी कपाळाला लावली आणि रुपये कनवटीला खोचले.

कुंडलिकानं पुडी परत केली होती. तीन वर्षांपूर्वी बारामतीच्या वाटेवरची मोरी गाडीखाली खचली आणि त्याचा थोरला भाऊ गाडीसकट खाली गेला. मोरीच्या दगडांत चुन्याऐवजी नुसता चिखल निघाला. ती मोरी महिपतरावांनी बांधलेली. चौकशी झाली, कागद झाले, आणि कागदांना वाळवी लागली.

त्या भावाची बायको रंगूबाई. ही गोष्ट तिची आहे.

रंगूबाई त्या दिवशी देवळात नव्हती. ती घराच्या मागच्या पडवीत कुंकू करत बसली होती. नवरा गेल्यावर तिनं हा धंदा धरला. बारामतीचा व्यापारी तिचं कुंकू घ्यायचा. जिच्या कपाळावर कुंकू नाही तिनं ते करावं का, असं गावात दोघी-तिघी म्हणाल्या होत्या. "लावायला बंदी हाय, करायला न्हाय," असं म्हणून रंगूबाईनं त्यांची बोळवण केली होती. जीभ तिखट होती बाईची, आणि डोळे त्याहून तिखट.

कुंडलिक घरी आला तो हौदाशी बसून राखेनं हात घासायला लागला. लाली थोडी फिकी झाली, पण जाईना. त्याची बायको भामाबाई दाराशी तोंडाला पदर लावून रडत होती. बाहेर गाडीवान सांगून गेला होता, उद्यापासून माळवं बाजारात न्यायचं नाही.

"वैनी," कुंडलिक हळूच म्हणाला, "माझ्या मनात खरंच काय पाप असंल का? मलाच ठावं नसंल..."

हे ऐकून रंगूबाईला जो राग आला तो सांगता येत नाही. चोराला सोडून साव स्वतःच्या मनाची झडती घेत बसला होता. तिनं त्याचा हात ओढला आणि उजेडात धरला. हा रंग ती तीन वर्षं रोज पाहत होती. कुंकवासाठी हळदीत चुना कालवला की लगेच हाच रंग येतो. ती आत गेली, अर्धं लिंबू घेऊन आली आणि त्याच्या तळहातावर पिळलं. लाल हात पुन्हा पिवळा झाला.

कुंडलिक हाताकडं बघतच राहिला. "वैनी, ह्ये काय?"

"पाप धुतलं तुमचं. अर्ध्या लिंबात गेलं, म्हंजी केवढं हुतं बघा. त्या भगतानं तीर्थ कुठल्या तांब्यातनं वतलं?"

कुंडलिक आठवायला लागला. "दोन तांबे हायती त्याच्याजवळ. समद्यास्नी उजव्या हातातला. मला डाव्या."

"त्यात चुन्याची निवळी हाय. चुना भिजवायचा, खाली बसू द्यायचा, वरचं पाणी काढून घ्यायचं. दिसायला पान्यावानी. आन् हळद लागली की लाल."

"मग चला की! आत्ताच गावाला दाखवू."

रंगूबाईनं नाही म्हणून मान हलवली. तिला गाव ठाऊक होतं. लाल-पिवळं करून दाखवलं तर म्हणतील, बाई चेटूक करते. रंग दाखवून भागणार नव्हतं. ज्यांनी पाच-पाच रुपये पदरी बांधलेत त्यांना चमत्कार हवाच होता. देवाच्या भीतीनं मत दिलं म्हणता आलं की पैशासाठी दिलं म्हणावं लागत नाही. ही गाठ सोडवायला दुसरी युक्ती लागणार होती.

आठवडा गेला. तोडायला आलेली वांगी झाडावरच जून झाली, पिवळी पडली. भामाबाई ती तोडून म्हशीपुढं टाकायची. गावात कुणी ओळख देईना. कुंडलिक दोनदा म्हणाला की घेऊन टाकतो शपथ, एका मतानं काय होतंय. रंगूबाई दोन्ही वेळा म्हणाली, "रविवारपतूर थांबा."

रविवारी महिपतराव स्वतः आले. जरीचा फेटा, हातात चांदीची मूठ असलेली काठी. देवळाच्या पायरीवर उभं राहून त्यांनी भाषण ठोकलं. "मी एक साधा देवभक्त मानूस. विरोधक म्हनत्यात, महिपतरावानं पैसा वाटला. आरं, मला काय गरज? माझ्या पाठीशी मल्हारी हाय!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्या एकूण एक घरात त्यांची पुडी पोचलेली होती.

"कुंडलिका, ये म्होरं!" झुंबर गरजला.

कुंडलिकाच्या आधी रंगूबाई पुढं झाली. डोईवर पदर, कमरेला पिशवी.

"भगत, माझं एक मागनं हाय. मक्तेदार म्हनत्यात, पैसा वाटला न्हाय. त्येंच्यावर ह्यो आळ आला, ह्ये गावाला बरं दिसत न्हाय. तवा आदी त्येंनीच भंडारा उचलावा. देव त्येंचं नाव उजळंल."

गर्दीत कुजबुज झाली. मागणं इतकं भक्तीचं होतं की नाही म्हणायला जागा नव्हती. महिपतरावांनी झुंबरकडं पाहिलं. झुंबरनं उजव्या हातातला तांब्या जरासा उचलून दाखवला. मक्तेदार हसले.

"उचलतो की. खऱ्याला कसली आंच?"

"पर शपथ मी सांगते तशी घ्या," रंगूबाई म्हणाली. "पैसा म्हनून न्हाय, परसाद म्हनून न्हाय, पानसुपारी म्हनून न्हाय. कुठल्याबी नावानं एका मतदाराला एक दमडी दिली न्हाय, असं म्हना."

महिपतराव क्षणभर थांबले. पण सगळं गाव बघत होतं, आणि तांब्या कुठला ते त्यांना माहीत होतं. त्यांनी हात पुढं केले. तीर्थ पडलं, भंडारा पडला. त्यांनी तिच्यामागून शब्दन् शब्द शपथ म्हटली आणि दोन्ही तळवे गावापुढं धरले. भंडारा पिवळाधमक होता, सोन्यासारखा.

"जय मल्हार!" झुंबर ओरडला. पण नेहमीसारखी कुणी ओ दिली नाही.

पन्नास माणसं एकमेकांकडं चोरून बघत होती. प्रत्येकाला आपल्या घरातली पुडी आठवत होती. माणूस देवाच्या तोंडावर धडधडीत खोटं बोलला होता आणि देवानं भंडाऱ्याचा रंगसुद्धा बदलला नव्हता. हे खोटं आहे असं म्हणायचं, तर मी पैसे घेतले असं म्हणावं लागत होतं. म्हणून सगळे गप्प.

आबाजी म्हणून एक म्हातारा होता, सत्तरीचा. दात नव्हते आणि आता कशाची भीडही उरली नव्हती. तो काठी टेकत उठला.

"मक्तेदार, मला दिलं की पाच. सावळाराम घेऊन आल्ता, तुमचा मानूस. का देवाला आमच्या गल्लीतलं दिसत न्हाय?"

आधी एक जण हसला. मग हसू पसरलं. "मलाबी दिलं!" "आमच्या घरी दोन पुड्या!" "मग भंडारा पिवळा कसा?" सगळे एकदम बोलायला लागले. तेवढ्या गडबडीत रंगूबाईनं झुंबरच्या डाव्या हातातला तांब्या ओढून घेतला आणि मक्तेदारांच्या पसरलेल्या हातांवर ओतला. तळवे लालभडक झाले. फेट्याखालचा चेहराही.

"चेटूक! चेटूक!" झुंबर किंचाळला. अंगातला देव एव्हाना निघून गेला होता, आवाज साधा भित्र्या माणसाचा होता.

"मोरीत घालायचा चुना ह्यांनी वाचवला, आन् त्योच गावाला लावला!" रंगूबाई म्हणाली. पिशवीतनं तिनं चुन्याची डबी काढली, हळद काढली, लिंबू काढलं आणि सगळ्यांसमोर आपल्या हातावर कालवलं. पिवळं, लाल, पुन्हा पिवळं. "हळदीत चुना, ह्येच मी रोज कालवते. ह्येला कुंकू म्हनत्यात. देवाचा कोप न्हाय. कुनीबी घरी जाऊन करून बघा."

"पर रंगूबाय, आमी देवाला भिऊन शपथ घेतली गं," कुणीतरी मागून म्हणालं.

"शपथ देवाला भिऊन घेतलीसा. पैसं कुनाला भिऊन घेतलं?"

महिपतराव गाडीत बसून गेले. झुंबर दोन्ही तांबे तिथंच टाकून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीवान कुंडलिकाच्या दाराशी गाडी घेऊन उभा राहिला आणि मान खाली घालून वांग्याच्या पाट्या भरायला लागला.

महिपतराव पडले, असं सांगितलं असतं तर गोष्ट गोड झाली असती. ते निवडून आले. सांगवीची बहुतेक मतं त्यांच्या विरुद्ध गेली, पण पार इंदापूरच्या वाटेपर्यंत जी गावं होती तिथं दुसरे भगत होते, दुसरे तांबे होते, आणि तांब्यात काय आहे ते विचारायला कुणी उठलं नाही. पहिल्याच बैठकीत त्यांनी स्वतःचं एक जुनं बिल मंजूर करून घेतलं.

निकालानंतरच्या बाजारात रंगूबाई बारामतीला कुंकू घेऊन गेली होती. लोणी भापकरची धोंडाबाई तिच्याशेजारी कांदे घेऊन बसलेली. ती कानाशी लागून सांगायला लागली, "आमच्या गावात दोगांचा हात लाल झाला गं. लई कडक देव."

"धोंडाबाय, हळदीला गेल्यावर तुझ्या नवऱ्याच्या धोतराला डाग पडत्यात, त्ये कोन धुतं?"

"मीच की."

"साबन लावला की डाग कसला हुतो?"

"लाल हुतो." धोंडाबाई बोलली आणि थांबली.

"मग देव काय तुज्या नवऱ्याच्या धोतरावर रागावतो व्हय?"

धोंडाबाईनं समोरचे कांदे उगीच इकडचे तिकडे केले. मग म्हणाली, "ह्येंनी पाच रुपयं घेतलं हुतं. म्या त्येचं लुगडं घेतलं." तिनं अंगावरच्या लुगड्याचा काठ मुठीत धरला. तिला रडू येत होतं की राग, तिचं तिला कळत नसावं.

रंगूबाईनं तिच्यापुढं चुन्याची डबी सरकवली. "गावात जा आन् चार बायकास्नी दाखव. पुरुष इसरत्यात, बायका इसरत न्हाईत."

देवाला हात जोडायचे तर खुशाल जोडा, त्यात कुणाचं काही जात नाही. पण देवाच्या नावानं कुणी हातावर पाणी ओतलं तर ते पाणी कसलं ते विचारा. आणि देवाच्या नावानं कुणी हातावर रुपये ठेवले तर ते आले कुठून आणि देणारा ते कुठून वसूल करणार, तेही विचारा. या प्रश्नांचं उत्तर कुणाच्या अंगात येत नाही. ते आपल्याच डोक्यानं काढावं लागतं, आणि मत देण्याच्या आधी काढावं लागतं.