पवनचक्कीचं सुतक

बापाला मातीत ठेवलं त्या दिवशीही पवनचक्की गरगर फिरत होती, हे हिल्के विसरली नव्हती. विसरणार तरी कशी? तिच्या बापाने, वीब्रान म्हाताऱ्याने, चाळीस वर्षं त्या चक्कीवर दळण दळलं. मग अ‍ॅमस्टरडॅमहून रुडॉल्फ ब्रांट आला, चक्की विकत घेऊन तिथे हॉटेल थाटलं आणि म्हाताऱ्याला बाहेरचा रस्ता दाखवला. म्हाताऱ्याने त्याच हायेने अंथरूण धरलं. तो गेला तेव्हा हिल्के मान खाली घालून ब्रांटकडे गेली होती. “एक दिवस पाती शोकात थांबवा, एवढंच मागते.”

“अहो बाई, गिऱ्हाईक फिरती चक्की बघायला येतं,” तो हसून म्हणाला.

त्या मुलखात चक्की बोलते. पातं खाली दारासमोर यायच्या किंचित आधी अडवलं, तर घरात लग्न नाहीतर बारसं. दार ओलांडून किंचित पुढे जाऊ दिलं, तर मयत. शेंबडं पोरही ते लांबून वाचतं. ब्रांट पडला शहरी, त्याला कुठलं काय?

शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या हिल्केकडे तो स्वतःच चालत आला. “माझी साठी आहे. पत्रिकेवर चक्कीचं पेन्सिलचित्र हवं. अख्खं गाव बोलावतोय.”

हिल्केच्या पोटात आग, जिभेवर साखर. “काढते की, साहेब.”

तिने फळीन् फळी काढली आणि पातं दार ओलांडून किंचित पुढे नेऊन ठेवलं.

“वा! अगदी जिवंत!” ब्रांट म्हणाला आणि त्याने घरोघरी पत्रिका धाडल्या.

शेजारचे हार्मकाका पत्रिका घेऊन आले. “पोरी, पातं चुकलं का गं?”

“चक्कीवाल्याची लेक पातं चुकवेल, काका?”

काकांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. “मग काळा कोट काढायला हवा. सगळ्यांनाच सांगतो.”

शनिवारी दुपारी ब्रांट फुगे बांधून दारात उभा राहिला. अख्खं गाव काळ्या कपड्यांत, एका रांगेत आलं. प्रत्येकाने त्याचा हात हातात घेऊन “फार वाईट झालं हो” म्हटलं, मयताला घेतात तशी नुसती कॉफी आणि साध्या केकचा तुकडा घेतला आणि जो तो भिंतीला लागून बसला.

ब्रांटला घाम फुटला. “अहो, पण मेलंय कोण?”

“माझा बाप,” हिल्के म्हणाली. “मार्चमध्ये. तेव्हा चक्की थांबवायला तुम्हाला सवड नव्हती.”

“डोक्यावरची ती टोपी काढा,” हार्मकाका म्हणाले.

ब्रांटने साठीची चकचकीत टोपी काढली. सगळ्यांच्या नजरा खिळलेल्या, तेव्हा मानही खाली घालावी लागली. हिल्केला त्याची तसूभर कीव आली नाही. तिने आणखी एक कप कॉफी मागितली, आणि ती ब्रांटनेच आणावी असं सांगितलं.