टोपी न काढलेला निरोप

मुरोझोनोच्या निवृत्तीचा दिवस उजाडला तेव्हा आकाश निरभ्र होते, बंदरावरून मंद वारा वाहत होता आणि त्याचा उजवा खांदा नेहमीप्रमाणे ठणकत होता. नागिसा बेसबॉल संघाच्या या वयस्क पिचरविषयी, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याविषयी, वर्तमानपत्रांनी पुष्कळ गोड शब्द छापले होते. परंतु त्याच्या अंतःकरणात एकच प्रश्न काट्यासारखा रुतून बसला होता. ज्या बुडत्या चेंडूच्या बळावर त्याने आपले आयुष्य उभे केले, जो फलंदाजापाशी येईतो सरळ दिसे आणि अखेरच्या क्षणी पायाखालची फळी निघावी तसा खाली जाई, तो चेंडू खरोखर मेला होता काय? डॉक्टर म्हणत, मेला. संघाचे चालक म्हणत, मेला. तथापि या दोघांपैकी कोणीही हातात बॅट घेऊन त्याच्यासमोर कधी उभे राहिले नव्हते.

आणि आज उत्तर मिळण्याची आशा उरली नव्हती. कारण निवृत्त होणाऱ्या पिचरला अखेरच्या सामन्यात एका फलंदाजापुरते उभे करतात, आणि तो फलंदाज तीनदा हवेत बॅट फिरवून नम्रपणे बाद होतो. याला कोणी लबाडी म्हणत नाही. हा थोरांचा मान आहे आणि तो चुकवणाऱ्याकडे लोक वर्षानुवर्षे तिरक्या नजरेने पाहतात.

म्हणून सकाळच्या सरावाच्या वेळी मुरोझोनो जाळीमागे हाइजिमाला गाठण्यास गेला. हाइजिमा हा आजच्या प्रतिस्पर्धी होकुतो संघाचा सर्वांत जबर फलंदाज. परंतु तरुणपणी तो नागिसाच्याच वसतिगृहात मुरोझोनोच्या खोलीत राहिला होता आणि कनिष्ठ म्हणून त्याने त्याचे मोजेही धुतले होते. अद्यापही तो त्याला 'सेन्पाई', म्हणजे वडीलधारा सोबती, म्हणूनच हाक मारी.

"या सेन्पाई, या! आज अशी फिरवतो बघा, वाऱ्यानं लोकांच्या हातातले पंखे उडतील."

"नको फिरवूस हवेत. मार."

"काय मारू?"

"चेंडू मार, दुसरं काय? खरीखुरी बॅट चालव."

हाइजिमाचे हसू मावळले. "काहीतरीच काय! माझी आई मला घरात घेणार नाही. तुमचं पोस्टर आहे अजून भिंतीवर. माझं लावायला जागा नाही म्हणते."

"ऐक रे. तो चेंडू मेलाय की मीच घाबरून सोडतोय, हे मला कळायला नको? तू हवेत फिरवलीस तर मरेपर्यंत कळणार नाही."

"आणि मी फेकला भिंतीपलीकडे, मग?"

"मग मी सुखानं घरी जाऊन झोपेन."

हाइजिमा बराच वेळ बॅटच्या मुठीवरील चिकटपट्टी उगाच दाबत राहिला. "बरं. पण एक अट. मन फिरलं, खांदा दुखला, काहीही झालं, तर चेंडू टाकण्याआधी टोपी काढा. मी समजेन आणि हवेत फिरवेन. टोपी डोक्यावर राहिली, तर मात्र दयामाया नाही हं. मोज्यांचा वचपा काढायचाय मला."

दोघांनाही वाटले की सामन्याचा निकाल तोवर लागलेला असेल आणि या गोष्टीने कोणाचे काही बिघडणार नाही. तिथेच दोघे चुकले.

नागिसाला पहिल्या तिघांत राहून पुढची लढत खेळायची, तर हा सामना जिंकणे भाग होते. होकुतो तळाशी होते, त्यांना कशाचीच फिकीर नव्हती. दुपारभर नागिसाची आघाडी भक्कम राहिली, पण आठव्या डावात होकुतोने बघता बघता ती कुरतडली. नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात केवळ एका धावेची आघाडी उरली. होकुतोचे दोन गडी बाद झाले होते आणि तिसरा गेला की सामना संपणार होता, परंतु तिसऱ्या बेसवर त्यांचा एक खेळाडू धाव पुरी करण्यास टपून उभा होता. आणि फलंदाजीस येत होता हाइजिमा.

त्या क्षणी पिचरांच्या सरावाच्या जागेतला फोन खणखणला. नागिसाचे प्रशिक्षक कुनियासु, ज्यांना सारा संघ 'कांतोकु' म्हणे, स्वतः बोलत होते.

"मुरो, चल. तुझी पाळी."

"आत्ता? कांतोकु, एकाच धावेची आघाडी आहे..."

"अरे म्हणूनच! हाइजिमा येतोय. तुझ्यासाठी तो तीनदा वारा घालणार आणि जाणार. आयता बाद! तुझा मान राहील आणि आपलं कामही होईल. पळ!"

मुरोझोनोच्या ओठांवर सत्य आले होते. परंतु ते बोलून दाखवले तर दुसऱ्या कोणाला धाडतील आणि त्याचा प्रश्न त्याच्याबरोबरच म्हातारा होईल, हेही त्याला तत्क्षणी दिसले. "हो," एवढेच तो बोलला.

ध्वनिक्षेपकावरून त्याचे नाव पुकारले गेले. नाव पुकारलेल्या पिचरने निदान एका फलंदाजाला तरी सामोरे जावेच लागते, असा नियम आहे. परतीची वाट बंद झाली.

सारे मैदान उठून उभे राहिले. अशा प्रसंगी टोपी काढून चारी दिशांना वाकण्याचा प्रघात. मुरोझोनो वाकला, परंतु टोपी डोक्यावर ठेवूनच. प्रेक्षकांत कुजबुज उठली.

"टोपी काढ रे मुरो!" वरच्या बाकांवरून एक म्हातारा खेकसला. "टक्कल पडलंय का? आम्हालाही पडलंय, लाजतोस कशाला?"

हशा पिकला. मुरोझोनोचे कान तापले. पिचरच्या उंचवट्यावर कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा, ओबा त्याची वाट पाहत होता.

"मुरोसान, नुसते तीन सरळ टाका. तो फिरवेल आणि आपण आंघोळीला जाऊ."

"ओबा, तो खरी बॅट चालवणार आहे. सकाळी मीच सांगितलंय."

ओबाने तोंडावरची जाळी वर सारली. "वेड लागलंय का तुम्हाला?"

"मी टोपी काढली, तर हवेत फिरवेल."

"मग काढा ना! वाट कसली बघताय?" तो दात आवळून म्हणाला. "तिसऱ्यावर माणूस आहे. या पोरांनी वर्षभर रक्त आटवलंय, मुरोसान. तुमच्या हौसेपायी घालवायचं सगळं?"

हे शब्द मुरोझोनोच्या वर्मी लागले. त्याचा हात टोपीच्या कडेपाशी गेला. तिसऱ्या स्थानासाठी झुंजणारा दुसरा एक संघ या घटकेला कुठल्यातरी खोलीत दूरदर्शनसमोर श्वास रोखून बसला असेल, असे त्याच्या मनात आले. त्यांच्या तोंडचा घास या टोपीने काढून घ्यायचा? हा विचार न्यायाचा होता, की स्वतःच्या हट्टाला शोधलेला टेकू होता, हे त्याचे त्यालाही उमगले नाही. त्याने टोपी काढली नाही. उलट ती कपाळावर घट्ट ओढली.

"जा आपल्या जागेवर," तो म्हणाला.

हाइजिमा उभा राहिला. त्याने एकवार टोपीकडे पाहिले आणि बॅट खांद्यामागे नेली.

पहिला चेंडू सरळ. बॅटचा असा कडाका झाला की पुढील बाकांवरचे लोक डोके झाकून खाली बसले. चेंडू रेषेच्या जेमतेम बाहेरून प्रेक्षकांत घुसला होता, आणि असा फटका हुकलेल्या चेंडूतच धरतात. स्ट्राइक एक. टाळ्या जागच्या जागी विरल्या. हवेत फिरवणारा माणूस असा फिरवत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळत होते. कांतोकु बाकावरून उठून पायरीवर आले आणि त्यांचा जबडा हलू लागला.

दुसरा चेंडूही सरळ. हाइजिमाने तोही मारला आणि तो मागच्या जाळीवर आदळला. स्ट्राइक दोन. त्यानंतरचा चेंडू मुरोझोनोने भीतीने बराच बाहेर टाकला. खांद्यात कोणी तापलेली सळई फिरवत असल्यासारखे त्याला वाटले.

ओबाने पुन्हा सरळ चेंडूची खूण केली. मुरोझोनोने मान हलवली. ओबाने पुन्हा तीच खूण केली. त्याला वाटणारी भीती मुरोझोनोला कळत होती. बुडता चेंडू जमिनीवर आपटतो, आणि तिसऱ्या स्ट्राइकला तो कॅचरच्या हातून निसटला, तर फलंदाजाला पहिल्या बेसकडे पळता येते. तो आधी पोहोचला की तिसऱ्यावरचाही घरच्या बेसवर येऊन धाव पुरी करतो. मुरोझोनोने पुन्हा मान हलवली. अखेरीस ओबाने दोन बोटे फाकवली, बुडत्या चेंडूची.

मुरोझोनोने अंगात उरले होते नव्हते ते सारे त्या एका फेकीत ओतले. हात खांद्यावरून खेचला गेला, मान जोराने हिसकली, आणि चेंडू बोटांतून सुटण्यापूर्वीच टोपी त्याच्या डोक्यावरून उडाली.

टोपी गेली!

समोर हाइजिमाची बॅट फिरली आणि तिच्याखालून चेंडू निघून गेला. स्ट्राइक तीन. मैदान गर्जले. परंतु मुरोझोनोला ती गर्जना ऐकू आली नाही. हाइजिमाने टोपी उडालेली पाहिली असणार आणि करार पाळला असणार. इतके करून उत्तर मिळाले नाही ते नाहीच, अशी खंत त्याच्या मनात भरून आली.

तेवढ्यात ओबा ओरडला. चेंडू मातीवर आपटून त्याच्या छातीवरून उसळला होता आणि बाजूला घरंगळत चालला होता. आणि हाइजिमा पळत होता!

तो मान देण्यापुरता पळत नव्हता. मुठी आवळून, दात विचकून, पाठीमागे वाघ लागल्यासारखा तो पहिल्या बेसकडे धावत होता. तिसऱ्यावरचा खेळाडूही घराकडे सुटला. ओबाने झेप घेतली, उघड्या हाताने चेंडू उचलला आणि गुडघ्यांवरूनच पहिल्या बेसकडे फेकला. हाइजिमाने अंग झोकून दिले. धूळ उडाली. पंचाने मूठ वर केली.

बाद!

मुरोझोनो उंचवट्यावरून उतरून पहिल्या बेसकडे चालत गेला. हाइजिमा अजून पालथाच होता आणि मुठीत माती आवळून पडला होता.

"माझी टोपी पडली होती," मुरोझोनो म्हणाला. "दिसली का तुला?"

हाइजिमाने मान वर केली. त्याच्या ओठांना माती लागली होती आणि डोळ्यांत निव्वळ संताप होता. "टोपी? मी चेंडू बघत होतो! इथं होता, इथं, पट्ट्याच्या उंचीवर! गेला कुठं तो?"

"खाली गेला."

"खाली गेला म्हणे! आता सगळी दुनिया म्हणणार, हाइजिमानं मान राखला. हारफुलं घालतील मला. आईसुद्धा शाबासकी देईल. सेन्पाई, परत टाका एकदा. आत्ताच्या आत्ता."

मुरोझोनोने उजवा हात उचलून पाहिला. तो कोपराच्या वर गेला नाही.

"नाही होत रे," तो म्हणाला, आणि त्याला हसू आले.

मागून कांतोकु धापा टाकीत आले. "पहिल्या चेंडूलाच कळलं मला," ते कडाडले. "चांडाळा, तू आज निवृत्त झाला नसतास ना, तर मीच तुला हाकललं असतं!" एवढे बोलून त्यांनी हातातील वस्तू त्याच्या छातीवर आपटली. ती मातीने माखलेली टोपी होती. "घाल ती. लोक थांबलेत."

मुरोझोनोने ती डाव्या हाताने डोक्यावर चढवली. नंतर हाइजिमाला त्याच हाताने उठवून उभे केले, आणि वरच्या बाकांवरील त्या म्हाताऱ्याच्या दिशेला तोंड करून, सावकाश, टोपी काढली.